अंगचं पाणी: व्हेज लझानियाच्या पाककृती वाचताना

व्हेज लझानियाच्या जवळजवळ प्रत्येक पाककृतीत एक वाक्य सापडतं: ‘भाज्या परतून घ्या.’ कधी त्या ‘हलक्याशा’ परतायच्या असतात, कधी ‘पाच मिनिटं’, कधी ‘सॉते’ करायच्या असतात. मग पाककृती पुढे पळते. व्हाइट सॉस, शीट, चीज, ओव्हन आणि शेवटी बेसिलचं पान ठेवलेला फोटो. मला त्या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. या तीन शब्दांत पाऊण तासाचं काम दडवलेलं असतं, आणि ते दडवलं की पदार्थ फसतो.

पाककृती हा साहित्यप्रकार आहे आणि त्याची समीक्षा करता येते, असं मी मानतो. इतर प्रकारांपेक्षा ती सोपीही असते. कादंबरी खोटं बोलली तर वर्षानुवर्षं वाद घालत बसावं लागतं. पाककृती खोटं बोलली तर ते तासाभरात ट्रेच्या तळाशी दिसतं. लझानियाच्या बाबतीत तर अगदी शब्दशः. चौकोन कापून उचलायला जावं तर थर एकमेकांवरून घसरतात आणि रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात फिकट गुलाबी पाणी जमतं.

ते पाणी आलं कुठून? पाककृतीत तर पाणी घालायला सांगितलंच नव्हतं.

*

ते भाजीतून आलं. पालक, वांगं, मशरूम, झुकिनी, टोमॅटो, सिमला मिरची ही व्हेज लझानियातली नेहमीची मंडळी. यांच्या वजनात साधारण ९० ते ९५ टक्के पाणीच असतं. म्हणजे आपण एक किलो भाजी चिरतो तेव्हा ९०० ग्रॅमच्या वर पाणी चिरत असतो. उघड्या कढईत हे पाणी सुटलं तर वाफ होऊन निघून जातं. लझानिया मात्र बंद पेटी आहे. खाली शीट, वर शीट, सगळ्यात वर चीजचं झाकण. आत सुटलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही.

म्हणूनच ‘हलकंसं परता’ हा सल्ला वाईट आहे. थोड्या आचेनं भाजीच्या पेशी मऊ पडतात आणि पाणी सोडायला तयार होतात, पण ते आटायला वेळ मिळत नाही. भाजी ऐन पाणी सोडण्याच्या बेतात असते, तेव्हाच आपण तिला शीटखाली कोंडतो.

शिवाय ‘भाज्या’ असं एका शब्दात म्हणण्यासारखं त्यांचं वागणं एक नाही. मशरूमला मोठी आच आणि पसरट तवा लागतो. गर्दी केली की ती स्वतःच्याच वाफेत उकडतात. पालक दोन मिनिटांत मान टाकतो, पण पाणी धरून ठेवतो. त्याला पिळावंच लागतं, आणि अर्धा किलोची जुडी पिळल्यावर मुठीत मावते. वांगं स्पंजसारखं असतं. तव्यावर आधी सगळं तेल पिऊन टाकतं. टोमॅटोला घाई चालत नाही. यांना एकत्र एका कढईत पाच मिनिटं परतणं म्हणजे चार वेगळ्या स्वभावांच्या माणसांना एकच औषध देणं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बाजारात मिळणारी, न उकडता वापरायची कोरडी शीट्स पाणी शोषतातच की! शोषतात. त्यांच्यासाठी सॉस थोडा सरसरीत ठेवावाच लागतो. पण तो ओलावा मोजून ठेवलेला असतो, आणि सगळ्या शीटला सारखा लागतो. भाजीतून मागाहून सुटणारं पाणी कुठेही जमतं. मग एका कोपऱ्यात शीटचा लगदा होतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात ती कडकच राहते. पाणी ठेवणं आणि पाणी राहून जाणं यांत फरक आहे, आणि हा फरक सांगणं हेच पाककृतीचं काम असतं.

*

मग पाककृती हे का विसरते? लिहिणारे आळशी असतात असं मला वाटत नाही. ही पाककृती बहुतेकदा दुसऱ्या एका पाककृतीवरून लिहिलेली असते, हे खरं कारण.

जगभर लझानिया म्हणून जो पदार्थ पोचला तो मुख्यतः बोलोन्याचा. अंडं घालून मळलेल्या पिठात पालक मिसळून केलेली हिरवी शीट्स, मांसाचा रागू, बेशामेल म्हणजे आपला व्हाइट सॉस, आणि पार्मिजानो. इटालियन पाककला अकादमीनं २००३ साली ही पाककृती बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर दाखल करून ठेवली आहे. या रचनेचं सगळं गणित रागूवर उभं आहे. रागू मंद आचेवर निदान दोन तास रटरटतो. मांसाचं पाणी, टोमॅटोचं पाणी, वाइन, सगळं त्या दोन तासांत आटून जातं. ट्रेमध्ये थर लावायची वेळ येते तेव्हा पाण्याचा प्रश्न आधीच सुटलेला असतो. म्हणून थर लावण्याच्या सूचनांमध्ये पाण्याचा उल्लेख करायची गरजच पडत नाही.

आता यातून रागू काढा आणि त्या जागी ‘परतलेल्या भाज्या’ लिहा. मांसाची जागा तशीच राहिली, पण मांसासाठी केलेलं काम गेलं. दोन तासांच्या जागी पाच मिनिटं आली. पाककृतीचा सांगाडा मूळचाच राहिला आणि त्याला उभं धरणारा स्नायू मात्र गेला.

इथे मला ‘व्हेज’ या शब्दाबद्दल बोलायचं आहे. व्हेज बिर्याणी, व्हेज खिमा, व्हेज कबाब, व्हेज लझानिया. आपण ‘व्हेज भरीत’ म्हणत नाही. ‘व्हेज पिठलं’ म्हणत नाही. ‘व्हेज’ हे विशेषण ज्याच्या मागे लागतं त्या पदार्थाचं खरं घर दुसरीकडे आहे, आणि हा त्यातून काहीतरी वजा करून आणलेला आहे, असं तो शब्द आपोआप सांगतो. भरीत कशातूनही वजा झालेलं नाही. त्यामुळे भरिताची पाककृती वांग्यापासून सुरू होते. व्हेज लझानियाची पाककृती मांस नसण्यापासून सुरू होते.

*

गंमत अशी, की लझानियाचा जन्मच मांसातून झाला असं काही म्हणता येत नाही. ‘लिबेर दे कोक्विना’ हे लॅटिन पाकपुस्तक १४व्या शतकाच्या सुरुवातीचं, नेपल्सच्या दरबाराशी जोडलं जाणारं. त्यातला लझानिया असा: आंबवलेलं पीठ पातळ लाटायचं, तीन बोटं रुंदीचे चौकोन कापायचे, मिठाच्या उकळत्या पाण्यात शिजवायचे, आणि किसलेलं चीज घालत एकावर एक थर लावायचे. वाटल्यास मसाल्याची पूड. मांस नाही. बेशामेल नाही. टोमॅटो अर्थातच नाही, कारण तो अमेरिकेतून युरोपात यायला अजून दोनेकशे वर्षं होती. त्याच्याही आधी, १३व्या शतकात, सालिम्बेने नावाच्या पार्माच्या भिक्षूनं आपल्या बखरीत चीज घातलेला लझानिया मिटक्या मारत खाणाऱ्या एका भिक्षूचा उल्लेख केला आहे. ज्यांच्या घरी चकोल्या होतात त्यांना लाटून, कापून, उकळत्यात सोडण्याची ही रीत ओळखीची वाटेल. फक्त डाळीच्या जागी चीज.

आजच्या इटलीतही भाजीचा लझानिया ही कोणाची सोय म्हणून केलेली गोष्ट नाही. लिगुरियात पातळ शीटना ‘रेशमी रुमाल’ म्हणतात आणि त्यांत पेस्तो घालतात. बेसिल, लसूण, चिलगोजे, चीज, ऑलिव्ह तेल. तेलात कुटलेल्या पानाला पाणी सुटण्याचा प्रश्नच नाही. त्रेविझोच्या भागात रादिक्यो नावाच्या लालजांभळ्या, कडसर पानांचा लझानिया होतो. ती पानं आधी लोण्यात पार मरगळेपर्यंत शिजवतात. या दोन्हींत एकच भाजी आहे, आणि पदार्थाची सगळी रीत त्या भाजीच्या स्वभावाप्रमाणे ठरली आहे. पाच रंगांच्या पाच भाज्या एकत्र करून ‘मिक्स’ करणं मग मला थोडं घाबरट वाटू लागतं. कुठल्याच एका भाजीवर विश्वास नसला की मांसाची जागा भरायला गर्दी जमवावी लागते.

याच घाईत एक गमतीदार चूक शिरते. शीर्षकात ‘व्हेज’ लिहिलेलं असतं आणि साहित्यात ‘पार्मिजानो’. खऱ्या पार्मिजानो रेजियानोच्या नियमांप्रमाणे दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेटच वापरावं लागतं. ज्याला हिरवा ठिपका पाहून खायचं आहे त्याच्यासाठी ही माहिती कळीची आहे. मांस वजा केलं म्हणजे शाकाहारी झालं, असं मानणाऱ्या पाककृतीला ते तपासायची गरज वाटत नाही.

*

चांगली लिहिलेली पाककृती कशी असते? माझ्यासमोर दोन पुस्तकं आहेत, दोन्ही १९७०च्या दशकातली.

पहिलं मार्चेल्ला हझानचं ‘द क्लासिक इटालियन कुकबुक’, १९७३चं. हझान मूळची एमिलिया-रोमान्याची, शिक्षणानं विज्ञानाची, लग्नानंतर न्यूयॉर्कला गेलेली. ती इटालियनमध्ये लिहायची आणि तिचा नवरा व्हिक्टर त्याचं इंग्रजी करायचा. तिचा सूर कडक आहे. लझानियाची शीट्स घरीच लाटलेली असावीत याबाबत ती तडजोड करत नाही. तिच्या हुकूमशाहीची मला कधीकधी चीडही येते. पण हुकूम देताना ती कारणही देते. वांग्याला मीठ लावून का ठेवायचं, कढईत गर्दी का करायची नाही, सॉस कुठल्या खुणेपर्यंत शिजवायचा. तिच्या लिखाणात घड्याळ असतं, पण निर्णय घड्याळ देत नाही. तव्यातली भाजी देते.

दुसरं मॉली केटझनचं ‘मूसवुड कुकबुक’, १९७७चं. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकामधल्या मूसवुड रेस्टॉरंटमधून निघालेलं, संपूर्ण हातानं लिहिलेलं आणि हातानं चितारलेलं पुस्तक. हझानच्या वर्गात तुम्ही पाठ ताठ करून बसता, केटझनच्या घरी मांडी घालून. अमेरिकेत शाकाहाराला घरगुती, प्रेमळ चेहरा देण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे, आणि तो मी मान्य करतो. पण त्या पिढीच्या शाकाहारी स्वयंपाकानं मांसाची पोकळी बऱ्याचदा चीजनं भरली. रिकोटा, मोझरेला, वर आणखी चीज. केटझननं स्वतःच १९९२च्या सुधारित आवृत्तीत लोणी, अंडी आणि चीज यांचं प्रमाण कमी केलं, यातच सगळं आलं. आपल्याकडच्या व्हेज लझानियाचे आईबाप बोलोन्यात शोधण्यापेक्षा या अमेरिकी चीजभरल्या ट्रेमध्ये शोधणं जास्त बरोबर ठरेल, असा माझा कयास आहे. भरपूर चीज घातलं की पाणीही काही काळ झाकलं जातं. ट्रे गरम असेपर्यंत.

*

आज आपण पाककृती पुस्तकात वाचत नाही, फोनवर बघतो. साठ सेकंदांच्या व्हिडिओत लझानिया बसवायचा तर काहीतरी कापावंच लागणार. काय कापलं जातं ते लक्ष देऊन बघा. चीज ताणण्याचा शॉट कधीच कापला जात नाही. कापला जातो तो कढईतला वेळ. कच्ची भाजी पडते, कट, भाजी तयार. पाणी आटतं ते नेमकं त्या कटमध्ये.

लिखित पाककृतीची लबाडी याहून जुनी आणि याहून साळसूद आहे. ती व्याकरणात असते. साहित्याची यादी बघा: ‘बारीक चिरलेला कांदा, १ वाटी’, ‘गोल चकत्या केलेली वांगी, २’, ‘धुऊन निवडलेला पालक, १ जुडी’. चिरलेला कोणी? निवडलेला कोणी? ही धातुसाधितं निरागस दिसतात, पण त्यांच्या पोटात पाऊण तासाचं काम असतं. पाककृतीचं घड्याळ सुरू होण्याआधी कोणीतरी ते उरकून गेलेलं असतं. मग वर लिहिता येतं: ‘तयारीचा वेळ २० मिनिटं.’ घरातल्या स्वयंपाकाबद्दल आपण एरवीही असंच बोलतो. केलेलं दिसतं, करणं दिसत नाही.

गारफिल्ड हे मांजर १९७८पासून लझानिया हादडतं आहे. त्या एका मांजरानं जगाच्या मनात लझानियाची जी प्रतिमा रुजवली ती ऐसपैस आळसाची. सोफा, सोमवारचा कंटाळा, भरलेला ट्रे. विनोद खाण्यावर आहे, रांधण्यावर नाही. ‘घरगुती व्हेज लझानिया, अगदी सोपा’ अशी शीर्षकं वाचताना मला वाटतं, आपण पदार्थाची पाककृती लिहीत नसून त्या मांजराची चैन लिहीत आहोत.

*

सगळ्यात जास्त खंत मला मराठी पाककृतींबद्दल वाटते. कारण इंग्रजीची अडचण मराठीला नाही.

भाजी आणि पाणी यांच्या नात्याबद्दल मराठीइतकं बारकाईनं बोलण्याची सोय फार थोड्या ठिकाणी असेल. भाजीला पाणी सुटतं. ते आटतं. भाजी निथळते, पिळली जाते, अंगच्या पाण्यात शिजते. रस सरसरीत असतो, दाटसर असतो, अंगाबरोबर असतो. फसलं तर पाणचट होतं, लगदा होतो. कारल्याला मीठ चोळून पिळायचं, काकडीला मीठ अगदी वाढायच्या वेळी घालायचं, दुधी किसून पिळायचा आणि निघालेलं पाणी पीठ भिजवायला वापरायचं, हे मराठी स्वयंपाकघरात कोणी वेगळं शिकवत नाही. वांगं विस्तवावर भाजून भरीत करणं ही तरी दुसरं काय? वांग्याचं पाणी घालवण्याची देखणी रीत.

यातल्या वाक्यरचनेकडेही बघा. ‘सॉते करा’ म्हणताना कर्ता स्वयंपाकी असतो, भाजी मुकाट असते. ‘पाणी सुटू द्या’ म्हणताना घडणारी गोष्ट भाजीची असते, आपण थांबलेले असतो. ‘परतणं’ हा शब्द आपलाच आहे, पण मुरलेल्या मराठी पाककृतीत तो सहसा एकटा येत नाही. ‘पाणी आटेपर्यंत परता.’ ‘तेल सुटेपर्यंत परता.’ इथे मिनिटं नाहीत, खूण आहे. माझा गॅस आणि तुमचा गॅस वेगळा, माझी कढई जाड आणि तुमची पातळ, पण तेल सुटलेलं दोघांनाही दिसतं. मोजमापाला माझा विरोध नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नं १९७० साली वाटी-चमच्याचं माप घराघरांत पोचवलं, आणि आईपासून दूर संसार मांडलेल्या कित्येकींना त्याचा आधार झाला. माप हवंच. पण माप आणि खूण दोन्ही मिळून पाककृती होते.

लझानिया लिहायला बसलो की मात्र आपण आपली ही सगळी भाषा दाराबाहेर काढून ठेवतो. ओव्हन आला की जणू मराठी क्रियापदांना प्रवेश बंद. ‘व्हेजिटेबल्स सॉते करून लेअर करा.’ ज्या माणसानं आयुष्यभर कारली पिळली तो झुकिनी पिळत नाही, कारण पाककृतीत तसं लिहिलेलं नाही. परक्या पदार्थापुढे आपण आपलं ज्ञान परकं करून टाकतो. ट्रेच्या तळाशी साचतं ते माझ्या मते हे.

*

मग लझानिया आपल्या क्रियापदांत लिहिला तर? नुसतं बोट दाखवून समीक्षा पुरी होत नाही, म्हणून हा प्रयत्न. चार-पाच जणांना पुरेल असा २० सेंटिमीटरचा चौकोनी ट्रे, आणि झुकिनी-मिरचीला या वेळी सुट्टी.

एक किलो पिकलेले टोमॅटो चिरून, थोड्या तेलात लसणीवर टाकून उघड्या कढईत ठेवा. पाणी सुटेल, मग आटेल. निम्म्याहून कमी होऊन, चमच्यानं रेघ ओढली की क्षणभर तळ दिसेल इतका आटवा. पाऊण तास सहज जातो. शीट्स न उकडता वापरणार असाल तर थोडा सैल ठेवा. अर्धा किलो वांग्यांच्या बोटाएवढ्या जाड चकत्या करून मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवा. सुटलेलं पाणी पुसा, तेलाचा हात फिरवा आणि ओव्हनमध्ये किंवा तव्यावर दोन्ही बाजूंनी बदामी होऊ द्या. पाव किलो मशरूम मोठ्या आचेवर दोन खेपांत परता. आधी पाणी सुटेल, ते आटेल, मग चरचर आवाज येईल. तो आवाज आल्याशिवाय उतरवू नका. मीठ त्यानंतर. अर्धा किलो पालक वाफवून, गार करून, पिळून घ्या. मग पुन्हा एकदा पिळा. दुसऱ्या पिळण्यात किती निघतं ते बघाच.

५० ग्रॅम लोण्यात ५० ग्रॅम मैदा कच्चा वास जाईपर्यंत परता, रंग बदलू देऊ नका. त्यात ६०० मिलिलिटर दूध थोडंथोडं घालत ढवळा. चमच्याच्या पाठीवर लेप राहील इतपत दाट झालं की मीठ आणि जायफळ. शीट्स घरी लाटायची असतील तर ३०० ग्रॅम मैद्याला तीन अंडी. अंडं नको असेल तर कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. दक्षिण इटलीत रवा आणि पाणी एवढ्यावर पास्ता होतो. पीठ घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा आणि पोळपाट दिसेल इतकं पातळ लाटा. ताजी शीट्स मिठाच्या पाण्यात मिनिटभर उकळून कापडावर निथळायची.

थर पातळ लावा. सॉस, शीट, वांगं, पुन्हा सॉस, शीट, पालक-मशरूम, आणि प्रत्येक वेळी थोडंच चीज. सगळं मिळून १५० ग्रॅम पुरतं. रिकोटा मिळाला तर तो फडक्यात निथळून घ्या. नाही मिळाला तर कुस्करलेलं पनीर उत्तम. १९० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं, कडेला बुडबुडे येऊन वरचा पापुद्रा तांबूस होईपर्यंत. मग बाहेर काढून २० मिनिटं हातही लावू नका. तेवढ्यात स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि थर एकमेकांना धरतात.

सगळं मिळून साधारण अडीच तास. शीट्स घरी लाटली तर तीन.

*

इथे तुम्ही विचाराल, इतका वेळ कोणाकडे आहे? ऑफिसमधून आठला घरी येणाऱ्यानं अडीच तास कुठून आणायचे? प्रश्न खरा आहे. त्याला माझं उत्तर इतकंच, की मग पाककृतीनं तसं सांगावं. ‘टोमॅटो आदल्या रात्री आटवून ठेवा.’ ‘दोन जण असाल तर एकानं पालक निवडावा.’ ‘आज वेळ नसेल तर हा पदार्थ आज नको, चकोल्या करा.’ यातलं कुठलंही वाक्य वाचणाऱ्याचा मान राखतं. वीस मिनिटांचं आश्वासन तो राखत नाही. पदार्थ फसला की वाचणाऱ्याला वाटतं, आपल्याच हाताला चव नाही. पहिल्यांदा स्वयंपाक करणाऱ्या कितीतरी मुलामुलींनी पाककृतीचा खोटेपणा स्वतःच्या नावावर घेतला असेल.

अस्सलतेबद्दल माझा हट्ट नाही. कॉर्न घाला, पनीर घाला, हिरवी मिरची घाला. नेपल्समध्ये कार्निव्हलच्या लझानियात रिकोटा आणि छोटे मांसाचे गोळे घालतात, बोलोन्याला ते चालणार नाही, आणि दोन्ही गावं सुखानं जेवतात. माझा हट्ट एवढाच, की पाककृतीनं भाजीकडे मांसाची गैरहजेरी म्हणून बघू नये. तिला तिचं स्वतःचं अंग आहे, त्या अंगाला पाणी आहे, आणि ते पाणी सुटायला आणि आटायला वेळ लागतो. तो वेळ कोणाचा तरी असतो.

तेव्हा पुढची व्हेज लझानियाची पाककृती समोर आली की फोटो बघू नका. सरळ भाज्यांच्या ओळीवर जा आणि तिथे पाण्याबद्दल काय म्हटलं आहे ते वाचा. काहीच म्हटलेलं नसेल तर पाककृती बंद करा. आणि तुम्हीच लिहिणार असाल, तर ‘परतून घ्या’च्या आधी तीन शब्द लिहायला विसरू नका: पाणी पूर्ण आटेपर्यंत.